मानाची पदवी आणि घामाची पदवी

दोन वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं. कुठल्याशा संस्थेनं ‘मानद डॉक्टरेट’साठी माझी निवड केली होती. समारंभ मोठ्या हॉटेलात. झगा, टोपी, मानपत्र सगळं त्यांचं. फक्त नोंदणी शुल्क माझं, आणि ते माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं होतं.

खोटं कशाला बोलू? त्या रात्री मी कागदावर नावाआधी ‘डॉ.’ लिहून पाहिलं. मी साधा बी. ए. माणूस. कविसंमेलनात निवेदक कधी कधी चुकून ‘डॉक्टर’ म्हणतात. ती चूक मी दुरुस्त करत नाही, हेही सांगून टाकतो.

माझी मुलगी तेव्हा पीएच. डी.च्या पाचव्या वर्षात होती. तिनं पत्र वाचलं. हसली नाही. एवढंच म्हणाली, “अब्बा, मग मी इतकी वर्षं काय करतेय?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला आमच्या खानदेशातली दोन माणसं आठवली.

पहिले धुळ्याचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे तिथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. राजवाडे बी. ए. होते, माझ्याइतकेच शिकलेले म्हणायचे! पण जुनी दप्तरं धुंडाळत ते गावोगाव हिंडले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड त्यांनी उभे केले. पहिला खंड १८९८ सालचा. ‘इतिहासाचार्य’ ही पदवी कुठल्या विद्यापीठाची नव्हे, ती लोकांनी दिली. त्यांच्या मागे धुळ्यात त्यांच्याच नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. कित्येक अभ्यासकांनी तिथली कागदपत्रं चाळून आपले प्रबंध लिहिले.

दुसऱ्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी. आसोद्याचं माहेर. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या; घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. हयातीत त्यांना ना पदवी, ना मानपत्र.

मग पदवी फुकट म्हणायची का? तसं म्हणणं सोपं आहे, आणि आम्हा कवींना सोयीचंही आहे. पण ते खरं नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहा. कोलंबिया विद्यापीठाची पीएच. डी. त्यांना १९२७ साली मिळाली. त्याआधी १९२३ साली लंडनची डी. एस्सी. मिळाली होती, रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी. पुढं घटनेचं काम झालं आणि त्याच कोलंबियानं १९५२ साली त्यांना मानद एलएल. डी. दिली. १९५३ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानं मानद डी. लिट. दिली. एकाच विद्यापीठाच्या दोन पदव्या, मध्ये २५ वर्षं. पहिली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध तपासून दिली. दुसरी आयुष्य पाहून दिली. घटना लिहिली म्हणून कुणी पीएच. डी. देत नाही, आणि कितीही मोठा सत्कार झाला तरी प्रबंध लिहून होत नाही.

फरक इथे आहे. कष्टाच्या पदवीत नापास होण्याची भीती असते. मार्गदर्शक खोडतो, बाहेरचे परीक्षक शंका काढतात, मौखिकीत उत्तरं द्यावी लागतात. म्हणून त्या कागदावर परक्या माणसानंही विश्वास ठेवायचा. मानद पदवीत घेणाऱ्याची परीक्षा आधीच झालेली असते. तिथे परीक्षा असते ती देणाऱ्याची. ऑक्सफर्डनं १९४० साली रवींद्रनाथांना डॉक्टरेट दिली, तेव्हा नोबेल मिळून २७ वर्षं झाली होती. रवींद्रनाथ त्यानं मोठे झाले नाहीत. ऑक्सफर्डचीच शोभा वाढली.

म्हणूनच मानद पदवी मिळालेल्यानं नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असा संकेत आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकारही विद्यापीठांना आणि कायद्यानं तसा हक्क दिलेल्या संस्थांनाच आहे. शुल्क घेऊन हॉटेलात वाटतात तो मानही नव्हे आणि पदवीही नव्हे. ती पावती.

मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. नावाआधी ‘डॉ.’ लिहिलेला तो कागद मात्र फाडला.

मुलीचा प्रबंध गेल्या वर्षी मान्य झाला. आमचं विद्यापीठ १९९० साली ‘उत्तर महाराष्ट्र’ या नावानं सुरू झालं. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव आहे. मुलीनं पदवीचा कागद माझ्या हातात दिला. मी आधी तिचं नाव वाचलं, मग वरचं. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिच्या नावाखाली आज जळगाव, धुळे, नंदुरबारची मुलं डॉक्टर होतात.

याहून मोठी मानद पदवी मला तरी माहीत नाही. ती मिळायला मात्र ओव्या तशा लागतात.