नऊ आणि बावीस

दरवर्षी 22 सप्टेंबर हा दिवस एका दुर्मीळ रक्तकर्करोगाच्या नावाने पाळला जातो. महिना आधी लिहिण्याच्या अमेरिकी रीतीने ही तारीख 9/22 अशी होते. आपल्या रीतीने उलटी लिहिली तरी आकडे तेच राहतात. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा आजार उद्भवतो. हा दिवस रुग्णांच्या संघटनांनीच निवडला. आपल्या आजाराचे मूळ कारण असे दिनदर्शिकेत नोंदवून ठेवणारे रुग्ण विरळाच.

वर्षाला लाखात एखाददुसऱ्या व्यक्तीला होणारा हा आजार. 1960 साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक विलक्षण आखूड गुणसूत्र दिसले. 1973 मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी गुणसूत्रांची छायाचित्रे घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून हरवलेला तुकडा नवव्या गुणसूत्राला जाऊन चिकटल्याचे दाखवले. या अदलाबदलीतून एक जोडजनुक तयार होते आणि त्याचे प्रथिन पेशीला वाढत राहण्याचा आदेश अखंड देत राहते. त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसणारा आणि आदेश थांबवणारा रेणू म्हणजे इमॅटिनिब. ब्रायन ड्रकर यांनी 1998 मध्ये त्याच्या रुग्णांवरील चाचण्या सुरू केल्या. मे 2001 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. विज्ञानाच्या पुस्तकांतील हकीकत बहुधा येथेच थांबते.

भारतात मात्र खरा प्रश्न येथून पुढे उभा राहिला. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने साठीच्या आसपास आढळतो. आपल्याकडील रुग्ण बहुतांशी तिशी-चाळिशीतले. म्हणजे घरातला कमावता माणूस, किंवा लहान मुलांची आई. पूर्वी त्यांच्यासमोर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा एकच कायमचा उपाय होता. टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 पासून ते होऊ लागले होते. पण जुळणारा दाता आणि खर्च या दोन्ही अटी फार थोड्यांना पुऱ्या करता येत. आता गोळी आली होती, आणि तिची किंमत महिन्याला सुमारे 1,20,000 रुपये होती. तीही जन्मभर घ्यायची.

या किमतीला दोन वेगळ्या वाटांनी उत्तर मिळाले. दोन्ही वाटा रुग्णांच्या बाजूने उभ्या असलेल्या संस्थांच्या होत्या, दोन्हींच्या खुणा मुंबईत आहेत, आणि तरीही त्या परस्परविरुद्ध दिशांनी गेल्या.

पहिल्या वाटेचा उगम एका मुलाच्या मृत्यूत आहे. मॅक्स नावाचा अर्जेंटिनाचा किशोरवयीन मुलगा 1991 मध्ये याच आजाराने गेला. त्याच्या आप्तांनी 1997 मध्ये अमेरिकेत त्याच्या नावाने मॅक्स फाउंडेशन स्थापन केले. 2002 पासून नोव्हार्टिस कंपनीचे मोफत औषध वेगवेगळ्या देशांतील गरजूंपर्यंत पोहोचवण्याचे काम या संस्थेने हाती घेतले. भारतात विजी वेंकटेश यांच्या नेतृत्वाखाली मुंबईहून हे काम चाले. निदानाचा पुरावा, आर्थिक पडताळणी, ठरावीक मुदतीनंतर डॉक्टरांची पुन्हा मंजुरी, असे त्याचे स्वरूप. त्यातूनच ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा रुग्ण-कुटुंबीयांचा गट उभा राहिला. शहरोशहरी बैठका भरू लागल्या. स्वतःसारखा दुसरा रुग्ण ज्याने आयुष्यात पाहिलेला नाही, त्याला तेथे दहा वर्षांपूर्वी निदान झालेला आणि रोज कामावर जाणारा माणूस भेटे.

दुसरी वाट 1969 पासून मुंबईत काम करणाऱ्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनची. नोव्हेंबर 2003 मध्ये नोव्हार्टिसला भारतात अनन्य विक्रीहक्क मिळाले आणि महिन्याला आठ-दहा हजारांत तेच औषध देणाऱ्या काही भारतीय कंपन्यांना हात आखडता घ्यावा लागला. असोसिएशनने कंपनीच्या पेटंट अर्जालाच आव्हान दिले. दावा होता इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपावर. रेणू तोच, घनरूपातील त्याची रचना निराळी. स्फटिकाची रचना बदलली की स्थैर्य, ओलावा शोषण्याची प्रवृत्ती, प्रवाहीपणा बदलतो, हे घनपदार्थांच्या अभ्यासकाला नवे नाही. कंपनीने जैवउपलब्धता 30 टक्क्यांनी वाढल्याचेही मांडले. पण ती तुलना मूळ मुक्त रेणूशी होती, आधीच ज्ञात असलेल्या मेसिलेट क्षाराशी नव्हती. 2006 मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. 1 एप्रिल 2013 रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांच्या खंडपीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले: कलम 3(ड) नुसार औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती, आणि ती वाढल्याचे सिद्ध झालेले नाही.

कंपनीचा युक्तिवाद असा की, भारतात पंधरा हजारांहून अधिक रुग्णांना औषध मोफत मिळतेच आहे. आकडा लहान नव्हता, आणि त्यामुळे जगलेली माणसे आज आपल्यात आहेत. पण दान देणाऱ्याच्या इच्छेवर चालते, आणि योजनेच्या निकषांबाहेर राहणाऱ्याला बाजारभावच भरावा लागतो. असोसिएशनचा आग्रह या दुसऱ्या माणसासाठी होता. दोन वाटांपैकी कोणती बरोबर, असा वाद पुष्कळ झाला. एकाच घरात एका वेळी दोन्हींची गरज पडू शकते, हे त्या वादात फारसे कोणी बोलले नाही.

किंमत उतरल्यानंतरही काम संपले नाही. लंडनच्या 87 रुग्णांच्या 2010 मधील अभ्यासात, 80 टक्के किंवा त्याहून कमी मात्रा घेणाऱ्यांपैकी एकालाही अपेक्षित रेणवीय प्रतिसाद मिळाला नाही. बरे वाटत असताना रोज गोळी घेणे, मळमळ आणि स्नायूंचे वळ सोसणे, सासरी आजार सांगावा की नाही हे ठरवणे, मूल हवे असेल तर गर्भारपणात हे औषध चालत नाही हे पचवणे: या बाबतीत स्फटिकरूप मदतीला येत नाही. तेथे बैठकीतला अनुभवी रुग्ण उपयोगी पडतो.

त्याच वर्षी फ्रान्समधील एका अभ्यासाने गोळी थांबवण्याची शक्यताही दाखवली. दोन वर्षे रोगाचा मागमूस न दिसलेल्यांपैकी सुमारे 41 टक्के रुग्ण औषधाविना वर्षभर रोगमुक्त राहिले. मात्र त्यासाठी जोडजनुकाची पीसीआर चाचणी सुरुवातीला दर महिन्याला करावी लागते. ज्या तालुक्यात आज गोळी मिळते, तेथून ही चाचणी करणारी प्रयोगशाळा अजून अनेकदा एका रात्रीच्या प्रवासावर असते.