वाचता येते, पण कळत नाही

प्राचीन संस्कृतींचे गूढ म्हटले की लोकांना पिरॅमिड आठवतात, नाहीतर मोहेंजोदडो. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही, तेव्हा तिथले गूढ समजण्यासारखे आहे. पण लिपी वाचता येते, भाषा कळते आणि तरीही माणूस हाती लागत नाही, असे गूढ आमच्या भंडारा जिल्ह्यात आहे. लाखनीच्या नैऋत्येला, वैनगंगेच्या काठी, पवनीला.

पवनीला तीन बाजूंनी मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी ही त्यातली प्रमुख नावे. ज्या टेकडीवर जगन्नाथाचे देऊळ आहे तिच्या पोटात प्रचंड बौद्ध स्तूप निघाला. पुढच्या काळात वाढवल्यावर त्याचा व्यास ४० मीटरच्या वर गेलेला. सांचीचा मोठा स्तूप सुमारे ३६.५ मीटरचा, म्हणजे विचार करा! सांचीला सहली जातात. पवनीच्या स्तूपाचे नाव आमच्या जिल्ह्यातल्या मुलांनाही ठाऊक नसते.

स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी अक्षरे आहेत. एका खांबावर पाच फण्यांचा नाग, आणि तो मुचलिंद आहे हे खाली लिहूनच ठेवलेले. खांब कुणी दान दिला त्यांची नावे आहेत, त्यांत बायकांचीही. एका दानलेखात सर्व प्राणिमात्रांना सुख लाभो अशी इच्छा आहे. ही ब्राह्मी जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये उलगडली, त्यामुळे वाचण्याची अडचण मुळीच नाही.

अडचण पुढे आहे. पवनीलाच एक स्मारकस्तंभ सापडला. त्यावर नाव आहे महाक्षत्रप कुमार रुपिअंम याचे. क्षत्रप म्हणजे शकांचे सत्ताधीश. त्यांची नाणी आणि लेख मुख्यतः गुजरात, माळवा, पश्चिम महाराष्ट्र या भागांतले. रुपिअंम हे नाव त्यांच्या माहीत असलेल्या वंशावळीत कुठेच बसत नाही. तो वैनगंगेच्या काठी काय करत होता? लढायला आला, की इथेच राज्य करत होता? आणि शत्रूच्या मुलखात मेला असेल, तर त्याचा स्तंभ उभारू दिला कुणी? कारण नाशिकच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख तिच्या मुलाच्या, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या, ताब्यातल्या प्रदेशांत विदर्भ मोजतो, आणि त्याने शकांचा नाश केला असेही सांगतो.

त्याच नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राला बेणाकटकाचा स्वामी म्हटले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ही बेणा म्हणजे आपली वैनगंगा असे मांडले. सगळ्यांना ते पटलेले नाही. मला पटावेसे वाटते, पण मी वैनगंगेच्या मुलखातला, तेव्हा माझ्या मताला फार वजन देऊ नका. पवनीतलाच भगदत्त नावाच्या भार राजाचा शिलालेखही मिराशींनीच प्रसिद्ध केला. रुपिअंमसारखा हाही राजा एका दगडापुरताच उरला आहे.

आमच्याकडे शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. जुन्या वस्तीची राखमिश्रित पांढरी माती पिकाला चांगली, म्हणून शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून ती शेतात नेली. अशी कितीतरी टेकाडे झिजली. त्यांना तरी काय बोलणार, पोट आधी. पवनीची गोष्ट वेगळी आहे. १९९४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथल्या हरदोलाला टेकडीवर पुन्हा खोदकाम केले, पण टेकड्या सोडल्या तर जुन्या नगरावर आजचे गाव नांदते आहे. रुपिअंमचा दुसरा लेख असलाच तर तो कुणाच्या तरी स्वयंपाकघराखाली असेल, नाहीतर कुठल्या पायरीत उलटा बसवलेला असेल.

आपले घडीव दगड लोक लपवतात ते काम बंद पडेल या धास्तीने. तरीही पाया खणताना एखाद्या दगडावर काड्या मांडल्यासारख्या रेघा दिसल्या, तर चुना-सिमेंट लावण्याआधी निदान मोबाईलवर त्याचा फोटो काढा. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे, तिथे तो दाखवा. ती अक्षरे वाचणारी माणसे तिथे भेटतील.