मंडई आणि मावळ

राजवाडे पाहून राजांचा इतिहास कळतो. प्रजेचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल तर बाजारांत गेलें पाहिजे. शहरांत कोणत्या खेड्याचा माल येतो, तो कोण आणतो, कोण विकतो, आणि गिऱ्हाइकानें दिलेल्या मोलांतून पिकविणाराच्या पदरांत काय पडतें, या चार प्रश्नांच्या उत्तरांत त्या प्रांताचें सारें अर्थकारण सामावलेलें असतें. पुण्याची मंडई या दृष्टीनें पाहूं लागलें, म्हणजे तिच्या उताराचें कारण आणि तिच्या पुनरुज्जीवनाची आशा या दोन्ही गोष्टी शहराच्या वेशीबाहेर, भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरांत सांपडतात.

पेशवाईंत, आणि पेशवाई गेल्यावरहि कित्येक वर्षें, पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणांत उघड्यावर भरत असे. इंग्रजी अमलांत नगरपालिकेनें त्यासाठीं पक्की इमारत बांधण्याचें ठरविलें. शुक्रवार पेठेंत ती उभी राहिली, आणि १८८६ सालीं तिचें उद्घाटन झालें. मुंबई इलाख्याचे तेव्हांचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणूं लागले. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनीं केलें. मध्यभागीं दगडी अष्टकोनी मनोरा, आणि चाकाला आरे असावेत त्याप्रमाणें त्याच्यापासून चोहोंकडे निघालेलीं कौलारू दालनें, अशी ही वास्तु आजहि पाहणाराची नजर वेधून घेते.

या वास्तूला बांधण्यापूर्वींच एक विरोधक लाभला होता. जोतीराव फुले हे १८७६ पासून कांहीं वर्षें नगरपालिकेचे सभासद होते. मंडईसाठीं लाखो रुपये खर्चण्याऐवजीं तो पैसा बहुजनांच्या शिक्षणावर खर्चावा, असें त्यांचें म्हणणें होतें. बहुमत त्यांच्या बाजूस नव्हतें, इमारत झाली. १८८३ सालीं त्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहून पुरा केला. जगाला अन्न पुरविणारा कुणबी स्वतः कर्जांत आणि अज्ञानांत कां बुडालेला असतो, याची चिकित्सा त्यांत आहे. कालांतरानें प्र. के. अत्रे नगरपालिकेंत असतां त्यांच्या पुढाकारानें ‘रे मार्केट’ हें नांव जाऊन ‘महात्मा फुले मंडई’ हें नांव आलें. ज्यानें खर्चाला हरकत घेतली त्याचेंच नांव इमारतीला लाभलें! हा केवळ योगायोग मानून सोडून देतां येईल. परंतु तें नांव एक ऋण आहे असें मानणें अधिक योग्य होय. शेतकऱ्याच्या कैवाऱ्याचें नांव दारावर आहे, तर आंत शेतकऱ्याला जागा किती, हा प्रश्न त्या नांवानेंच विचारला आहे.

एके काळीं त्याचें उत्तर समाधानकारक होतें. पुण्याच्या दक्षिण-नैर्ऋत्येस नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांचीं खोरीं आहेत. रोहिडा, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या छायेंतला हा मुलूख. पाऊस भरपूर, जमीन उताराची. म्हणून खोऱ्याच्या तळाशीं भाताचीं खाचरें आणि डोंगराच्या अंगावर नाचणी व वरी, अशी येथील शेती. भोर हें पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होतें. १९४८ सालीं तें संस्थान विलीन झालें, आणि त्याच सालच्या जून महिन्यांत मुंबई राज्यांत एस. टी. ची पहिली गाडी धांवली. पूर्वीं बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून कात्रजचा घाट चढून-उतरून जो माल पुण्यांत येई, तो पुढें एस. टी. च्या टपावर चढला. तांदूळ, तूप, आणि वैशाखांत डोंगरची काळी मैना म्हणजे करवंदें व त्यामागून जांभळें, असा तो माल. भोर पुण्याहून सुमारें ५० किलोमीटर. पहाटे निघालेली बाई पाटी रिकामी करून, मीठ-मिरची घेऊन, दिवेलागणीला घरीं परत जाऊं शकत असे.

त्या काळीं मंडईंत घाऊक आणि किरकोळ हे दोन्ही व्यापार एकत्र नांदत. आडत्या, हमाल, माळीण आणि पेठेंतले गृहस्थ एकाच छपराखालीं भेटत. तेथेंच १९२४ सालीं लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचें अनावरण मोतीलाल नेहरूंच्या हस्तें झालें. तेथील राजकीय वादविवादांमुळें पुणेकरांनीं तिला ‘मंडई विद्यापीठ’ अशी पदवी देऊन टाकली. जेथें भाव ठरतो तेथें मतहि ठरतें, हें त्या विद्यापीठाचें सूत्र म्हणावयास हरकत नाहीं.

मग उतार कां लागला? पहिलें कारण शहराच्या वाढीचें. पेठांपुरत्या पुण्यासाठीं बांधलेली जागा मालमोटारींना अपुरी पडूं लागली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला. हें स्थलांतर अपरिहार्य होतें. त्याबद्दल कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु त्याबरोबर शेतकऱ्याची वाट बदलली. माल हुंडेकऱ्याच्या गाडींत चढूं लागला. शेतकरी गांवींच राहिला. मंडईंत उरला तो किरकोळ विक्रेता, आणि त्याला यार्डांतून माल आणून विकावा लागतो. उपनगरांत राहावयास गेलेल्या गिऱ्हाइकाला भाजी दाराशींच मिळूं लागली. जुन्या पेठेंत गाडी उभी करण्यास जागा मिळेना, म्हणून तेंहि येईनासें झालें.

दुसरें कारण मावळांतच घडलें. भोर तालुक्यांत भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें. वेल्हे तालुक्यांत पानशेत झालें. तें १२ जुलै १९६१ रोजीं फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या, आणि मग तें पुन्हां बांधण्यांत आलें. त्यामागून वरसगांव, नीरा-देवघर आणि गुंजवणी हीं धरणें झालीं. या पाण्यानें खालच्या प्रदेशाचे मळे फुलले आणि पुण्याची तहान भागली, यांत शंका नाहीं. पण धरणाचें पाणी नेमकें खोऱ्याच्या तळाशीं सांचतें, आणि तळाशींच तर भाताचीं उत्तम खाचरें होतीं. उरली ती उताराची जमीन. तिच्यावर सारें कुटुंब पोसत नाहीं, म्हणून घरांतले तरुण मुंबई-पुण्याची वाट धरूं लागले. आज पुण्याच्या नळाला वेल्ह्याचें पाणी आहे, परंतु वेल्ह्याचा तांदूळ कोठें मिळेल असें विचारलें, तर सदाशिव पेठेंतल्या सुगृहिणीलाहि क्षणभर थांबावें लागेल.

अशा बाजारांचें पुढें काय होतें, याचे दाखले जगांत आहेत. पॅरिस शहराचा मध्यवर्ती अन्नबाजार १९६९ सालीं रंजिस या उपनगरांत हलविण्यांत आला, आणि पाठोपाठ त्याचीं प्रसिद्ध लोखंडी दालनें पाडण्यांत आलीं. लंडनचा कॉव्हेंट गार्डनचा भाजीबाजार १९७४ सालीं नदीपलीकडे गेला. तेथील इमारत राखली गेली, परंतु तिच्यांत आतां उपाहारगृहें आणि शोभेच्या वस्तूंचीं दुकानें आहेत. एके ठिकाणीं वास्तु गेली, दुसऱ्या ठिकाणीं वास्तु राहून बाजार गेला. पुण्याच्या मंडईंत अद्याप भाजी विकली जाते. पिढ्यानुपिढ्या त्याच गाळ्यांवर बसणाऱ्या विक्रेत्यांचे हे उपकार आहेत. म्हणून पुनरुज्जीवनाची जी योजना होईल, तींत त्यांना उठविण्याची भाषा असतां कामा नये.

पुनरुज्जीवनास काळ अनुकूल आहे. २०१६ सालीं शासनानें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला, आणि त्याच वर्षीं संत सावता माळी यांच्या नांवानें शेतकरी आठवडे बाजारांचें अभियान सुरू झालें. शेतकऱ्यानें शहरांत येऊन स्वतः विकावें, यास कायद्याची आडकाठी राहिली नाहीं. २०२४ सालच्या सप्टेंबरांत मंडईजवळचें भुयारी मेट्रो स्थानक खुलें झालें. वाहनाच्या जागेअभावीं दूर गेलेल्या गिऱ्हाइकाला परतण्यास वाट मिळाली. शेजारच्या मुळशीच्या आंबेमोहोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालें आहे, यावरून गांवाच्या नांवालाहि बाजारांत मोल येऊं शकतें हें सिद्ध झालें.

आतां उरलें तें थोडें. आठवड्यांतून ठराविक दिवशीं मंडईच्या आवारांत कांहीं ओटे भोर आणि वेल्ह्याच्या शेतकऱ्यांसाठीं राखावे. त्यांनीं कांदा-बटाटा आणूं नये, म्हणजे गाळेवाल्यांशीं स्पर्धा होणार नाहीं. हातसडीचा तांदूळ, नाचणी, वरी, रानभाज्या, करवंदें असा आपल्या डोंगरचाच माल आणावा. चार-पांच वाड्यांनीं मिळून एक टेंपो केला तर भाडें जड जाणार नाहीं. पोत्यावर गांवाचें नांव असावें, वजन गिऱ्हाइकासमोर व्हावें, आणि मधें आडत नसावी. वेल्हे तालुक्याला शासनानें राजगड हें नांव दिलें. नांवानें अभिमान वाढतो, पोट भरत नाहीं. राजगडच्या पायथ्याचा तांदूळ राजगडच्याच नांवानें मंडईंत विकला गेला, तर मात्र त्या नांवानें दोन्ही होईल.

दगडी मनोऱ्याची डागडुजी कोणतीहि महापालिका करूं शकेल. मंडईचें खरें पुनरुज्जीवन त्या दिवशीं झालें असें समजावें, ज्या दिवशीं कानंद खोऱ्यांतली एखादी कुणबीण आपली पाटी तिथें उतरवील, आपला भाव आपण सांगेल, आणि पदरांत पडलेल्या पैशांतून मुलीच्या शाळेचीं पुस्तकें घेऊन घरीं जाईल. जोतीरावांनीं शाळा आणि मंडई यांत शाळेची बाजू घेतली होती. त्या दिवशीं दोहोंचें भांडण मिटेल, आणि दारावरच्या नांवाचें ऋणहि फिटेल.