नभोवाणीची मराठी आणि गोंदियाचा कान

मराठी वृत्तनिवेदकांच्या बोलण्यात हिंदी वळणाची वाक्ये आणि सदोष उच्चार वाढत चालले आहेत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. ती निराधार नाही. 'माझी मदत करा', 'खूप सारे लोक आले' या प्रयोगांतील शब्द मराठी असले तरी सांगाडा हिंदीचा आहे. मराठीचा स्वभाव 'मला मदत करा', 'पुष्कळ लोक आले' असे म्हणण्याचा. उच्चारांचेही तसेच. 'चंद्र' या शब्दातील तालव्य च आणि 'चाक' या शब्दातील दंततालव्य च हा भेद मराठीने शतकानुशतके राखला आहे; तो पुसट होत आहे, आणि 'ज्ञान' हा शब्द कित्येकांच्या तोंडून 'ग्यान' असा बाहेर पडतो. कान तयार असलेल्या माणसास हे खटकावे यात नवल नाही.

तथापि हीच तक्रार गोंदिया जिल्ह्यात बसून ऐकली म्हणजे तिच्यातील एक गफलत ध्यानी येते. सदोष म्हणून जे जे वेचून काढले जाते ते सारे एका जातीचे नसते. काही भाषांतराच्या घाईतून आलेले असते, तर काही या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या बोलले जात आलेले असते.

या परिसराचा पूर्वेतिहास पाहिल्यावाचून हा भेद कळावयाचा नाही. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेचा बालाघाट जिल्हा १८६७ च्या सुमारास अस्तित्वात आला, तेव्हा त्यातही भंडाऱ्याचा काही भाग घालण्यात आला होता. म्हणजे आज दोन राज्यांची सीमा मानली जाणारी रेषा मुळात महसुली सोयीची होती. बोली तिच्या दोन्ही बाजूंस पसरलेल्या होत्या. झाडी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी यांचा येथे नित्याचा शेजार. बंगाल-नागपूर रेल्वेचे जंक्शन आणि तांदळाची पेठ म्हणून गोंदिया शहर वाढले, तशी बाजारात हिंदी रुळली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांतच द्विभाषिक होता. १९५० च्या कायद्याने तेथे हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या, आणि १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालेले आकाशवाणीचे नागपूर केंद्रही दोन्ही भाषांतून बोलू लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडाऱ्यासह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. सरकारी कागदाची भाषा त्या दिवशी बदलली. माणसांच्या जिभा बदलण्याचे काही कारण नव्हते.

आता झाडीबोलीकडे वळू. या बोलीत ण आणि ळ हे वर्ण नाहीत. 'पाणी' हा शब्द झाडी माणूस 'पानी' असाच उच्चारतो, आणि 'डोळा' त्याच्या तोंडी 'डोरा' होतो. वऱ्हाडीत हाच शब्द 'डोया' होतो, हे जाता जाता सांगितले पाहिजे. कारण वऱ्हाडी उच्चारांना रंगभूमीवर आणि कवितेत मान्यता मिळाली, झाडीला ती तितकीशी मिळाली नाही. ण आणि न यांची ही उलथापालथ जुनीच आहे. प्राचीन महाराष्ट्री प्राकृतात सर्वत्र न च्या जागी ण करण्याकडे कल होता. पुढे मराठीने शब्दारंभी न स्वीकारला. झाडीने तो शब्दाच्या मध्येही स्वीकारला, इतकेच. यात हिंदीची उसनवारी कोणती?

'तो जाऊन राहिला' या विदर्भातील प्रयोगाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याची हिंदीतील 'जा रहा है' या रचनेशी असलेली जवळीक नाकारता येणार नाही, आणि तो हिंदीच्या सहवासात घडला असे मानण्यास हरकत नाही. पण तो घडला शेतात, बाजारात, सोयरिकीत. भाषांतरकाराच्या मेजावर रात्रीतून घडलेल्या 'माझी मदत करा' या प्रयोगाशी त्याची एका पंक्तीस गणना करणे न्याय्य नव्हे.

असाच घोटाळा इंग्रजांनीही करून ठेवला आहे. ब्रिटिश नभोवाणीने १९२६ साली उच्चारनिर्णयासाठी एक सल्लागार समिती नेमली होती. तिचे पहिले अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, आणि त्यांच्यानंतर बर्नार्ड शॉ. पुढे अमेरिकन शब्दांवर रोष वाढला. शरद ऋतूस 'फॉल' म्हणणे हा त्यांतील एक नेहमीचा आरोपी. परंतु हा शब्द सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडातच प्रचलित होता. तेथून तो अमेरिकेस गेला आणि घरी परतला तेव्हा परका ठरला. आपल्याकडे माधव जूलियन यांनी सावरकरप्रणीत चळवळीच्या काळात १९३८ साली ग्रंथ लिहिला, तेव्हा 'भाषाशुद्धि' या पदास त्यांनी 'विवेक' हे पद जोडले. तो विवेक फारसी शब्दांपुरता उपयोगात आला. बोलींच्या बाबतीत तो क्वचितच वापरला गेला.

१९७२ साली मुंबई दूरदर्शन, १९९९ पासून खाजगी मराठी वाहिन्या आणि २००७ नंतर चोवीस तास बातम्या, असा हा आवाज वाढत गेला तसा प्रमाण उच्चाराचा धाकही खेड्यापर्यंत पोचला. त्याचा एक परिणाम प्रस्तुत लेखकाने वर्गात पाहिला आहे. सालेकसा भागातील एका विद्यार्थ्याने उतारा वाचताना 'पानी' म्हटले आणि वर्ग हसला; 'हिंदी बोलू नकोस' असेही कोणी म्हणाले. तो हिंदी बोलत नव्हता, आईची भाषा बोलत होता. त्याच तासाला दुसऱ्याने 'तुमची मदत हवी' याऐवजी 'माझी मदत करा' असे म्हटले, त्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही. तास संपल्यावर तो मुलगा बाहेर मित्रांशी हिंदीत बोलत उभा होता.

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. मराठीत जो 'पानी' दोषार्ह, तोच हिंदीत शुद्ध. ण साधेपर्यंत हसू सोसावे, की जेथे हसू नाही त्या भाषेत जावे, असा प्रश्न गोंदियाच्या मुलापुढे असतो, आणि दुसरी वाट स्टेशनाच्या फलाटापासून बाजारापर्यंत मोकळी आहे. पुण्याच्या मुलास अशी दुसरी वाटच नसते. म्हणून तेथे बसून केलेली चेष्टा तेथे निरुपद्रवी ठरते.

निवेदकाने च आणि ज यांचे उच्चार शिकून घ्यावेत, वाक्यरचना मराठी ठेवावी, ही मागणी आम्हीही करतो. ते त्याच्या व्यवसायाचे अंग आहे. परंतु आमगाव वा देवरीच्या शेतकऱ्यास ध्वनिवर्धकासमोर उभे करून त्याच्या 'पानी' या शब्दावर जेव्हा पडद्याखालील अक्षरांत 'पाणी' अशी दुरुस्ती झळकते, तेव्हा त्या शेतकऱ्याचे मूल ती घरी वाचत असते.