अवकाशातील शिट्ट्या
अवकाशात हवा नाही, मग तेथले आवाज मुद्रित कसे होतात? विद्यार्थ्यांचा हा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो.

पहिल्या महायुद्धात शत्रूचे दूरध्वनी चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांना उतरत्या स्वराच्या शिट्ट्या ऐकू आल्या. त्यांचा उलगडा १९५३ साली ओवेन स्टोरी यांनी केला. विजेच्या कडकडाटात निर्माण झालेल्या रेडिओलहरी पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांवरून दूर अवकाशात जाऊन दुसऱ्या गोलार्धात उतरतात. जास्त वारंवारतेच्या लहरी आधी पोहोचतात, कमी वारंवारतेच्या मागाहून. म्हणून स्वर उतरतो. म्हणजे हा मुळात ध्वनी नव्हेच! लहरींची वारंवारता आपल्या कानांच्या टप्प्यातली असते, इतकेच. ध्वनी निर्माण करतो तो ध्वनिक्षेपक.

आयोवा विद्यापीठाचे डोनाल्ड गर्नेट यांनी १९६२ पासून उपग्रहांवर, पुढे व्हॉयेजर यानांवर अशा लहरी टिपल्या. त्या मुद्रणांवरून टेरी रायली यांनी क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यवृंदासाठी ‘सन रिंग्ज’ रचले. २००२ साली ते सादर झाले. २०१३ मध्ये अशाच लहरींच्या वारंवारतेवरून बाहेरच्या प्लाझ्माची घनता कळली आणि व्हॉयेजर-१ हे २०१२ मध्येच आंतरतारकीय अवकाशात शिरल्याचे ठरले. संगीतकाराचा स्वर तो शास्त्रज्ञाचा पुरावा!

पावसाळ्यात वीज चमकताना मध्यम लहरींवरचा रेडिओ खरखरतो. वर्गात तो जरूर ऐकवावा. या विषयाची सुरुवात आपण तेथूनच करू शकतो.