मद्यपानाचा पूर्वेतिहास आणि सुरक्षा मंजुरी (अमेरिका)

मद्यपानाचा पूर्वेतिहास हा अमेरिकेच्या संघीय शासनाची गोपनीय माहिती हाताळण्यासाठी आवश्यक असलेल्या सुरक्षा मंजुरीच्या पात्रतेचा एक निकष आहे. ८ जून २०१७ पासून लागू झालेल्या 'सीड-४' या निदेशात पात्रतेची १३ मार्गदर्शक तत्त्वे असून त्यांतील 'जी' हे तत्त्व मद्यपानाविषयी आहे. केवळ मद्य घेणे हे अपात्रतेचे कारण मानले जात नाही. अतिरेकी मद्यपानामुळे निर्णयशक्ती व आत्मसंयम ढळतो आणि त्यातून व्यक्तीच्या विश्वासार्हतेविषयी शंका निर्माण होते, अशी या तत्त्वामागील भूमिका आहे.

प्रतिकूल बाबी

मद्यधुंद अवस्थेत वाहन चालवणे, मारामारी, जोडीदाराचा वा मुलाचा छळ, कामावर नशेत येणे, वारंवार अतिमद्यपान करणे आणि पात्र तज्ज्ञाने मद्यविकाराचे निदान करणे या बाबी प्रतिकूल मानल्या जातात. निदानानंतर उपचारांचा सल्ला न पाळणे किंवा मद्यपानासंबंधीचा न्यायालयीन आदेश मोडणे याही बाबी त्यांत मोडतात. कामाबाहेरील घटना प्रतिकूल ठरण्यासाठी मद्यविकाराचे निदान झालेले असणे आवश्यक नसते.

सौम्यकारक बाबी

घटनेला बराच काळ लोटला असेल किंवा ती पुन्हा न घडण्याजोग्या असाधारण परिस्थितीत घडली असेल, तर तिचे गांभीर्य कमी मानता येते. त्यासाठी वर्षांची निश्चित मर्यादा निदेशात दिलेली नाही. अर्जदाराने आपली समस्या मान्य करून तिच्यावर मात केल्याचा पुरावा देणे, तसेच उपचार व त्यानंतरची देखरेख पूर्ण करून मद्यवर्जनाचा किंवा संयमाचा प्रस्थापित क्रम दाखवणे, याही बाबी त्याच्या बाजूने जातात. उपचार चालू असल्यास समाधानकारक प्रगती आणि पूर्वी उपचारानंतर व्यसन पुन्हा जडल्याचा इतिहास नसणे या गोष्टी पाहिल्या जातात. अंतिम निर्णय वय, परिपक्वता, हेतू आणि पुनर्वसन लक्षात घेऊन 'संपूर्ण व्यक्ती' या संकल्पनेनुसार घेतला जातो.

माहितीची सत्यता

'एसएफ-८६' या अर्जाच्या २४व्या विभागात मद्यपानाविषयी प्रश्न असतात. मागील सात वर्षांत मद्यपानाचा काम, नातेसंबंध किंवा आर्थिक स्थितीवर विपरीत परिणाम झाला काय, अथवा पोलिसांना हस्तक्षेप करावा लागला काय, हे त्यात विचारले जाते. उपचारांची माहितीही द्यावी लागते. जाणीवपूर्वक माहिती दडवल्यास वैयक्तिक वर्तनाविषयीचे 'ई' हे स्वतंत्र तत्त्व लागू होते. संघीय कायद्यानुसार असे असत्यकथन हा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. त्यामुळे जुन्या घटनेपेक्षा तिची लपवणूक अर्जदारास अधिक महाग पडू शकते.

नौदल विभाग विरुद्ध ईगन (१९८८)

ब्रेमर्टन (वॉशिंग्टन राज्य) येथील ट्रायडंट पाणबुड्यांच्या दुरुस्ती केंद्रातील एका नागरी कर्मचाऱ्यास नौदलाने मंजुरी नाकारली. जुन्या दोषसिद्धी, त्यांतील काही अर्जात न नोंदवणे आणि पूर्वीच्या मद्यपानाच्या समस्येची त्याने स्वतः दिलेली कबुली ही त्यामागील कारणे होती. आपण शिक्षा भोगली असून गेली तीन वर्षे मद्याची समस्या उरलेली नाही, असे त्याचे म्हणणे होते. मंजुरीअभावी त्याची नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी असा निर्णय दिला की, मंजुरी नाकारण्याच्या गुणवत्तेची फेरतपासणी करण्याचा अधिकार कर्मचाऱ्यांच्या अपिलांसाठी असलेल्या गुणवत्ता प्रणाली संरक्षण मंडळास नाही. मंजुरी मिळणे हा कोणाचाही हक्क नाही, हे तत्त्व या निकालात स्पष्ट झाले.

संशयाचा फायदा

फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. सुरक्षा मंजुरीच्या बाबतीत मात्र तो राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने दिला जातो. म्हणून आपण व्यसनातून बाहेर पडलो आहोत हे पटवून देण्याचा भार अर्जदारावरच असतो. संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांकडील कर्मचाऱ्यास नकाराची कारणे लेखी कळवली जातात. त्यास लेखी उत्तर देता येते, प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते आणि निर्णयाविरुद्ध अपीलही करता येते.