धन्याहून दीर्घायुषी : ‘अद्वैत’ कासवाचा इतिहास

१/ बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९–१७९४) आर्या रचीत होते, त्या काळात जन्मलेले मानले जाणारे एक कासव थेट २००६ पर्यंत जगले. पेशवाई, कंपनी सरकार, ब्रिटिश साम्राज्य : तिन्हींचा अस्त त्याच्या हयातीत झाला. त्याचे नाव ‘अद्वैत’. त्याच्याविषयी हा धागा.

२/ हे अल्डाब्रा जातीचे महाकासव हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांकडून आले. परंपरेनुसार त्याचा धनी रॉबर्ट क्लाइव्ह. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध विजयदुर्गाच्या मोहिमेत असलेला तोच.

३/ येथे मात्र कालगणना तपासावी लागते. क्लाइव्ह १७६७ मध्ये मायदेशी परतला, १७७४ मध्ये वारला. कासव ज्या बराकपूरच्या बागेत होते असे सांगतात, तेथील प्राणिसंग्रह वेलस्लीने १८०० नंतर उभारला. मधली तीन दशके त्याला कोणी पोसले? आख्यायिका याविषयी मौन बाळगते.

४/ महाकासव पाळण्यातील खरी अडचण हीच. अद्वैतचे वजन सुमारे २५० किलो. अशा प्राण्याला फिरण्यास मोकळी जागा, ऊन आणि सावली, मुबलक चारा लागतो. आहार चुकला तर कवच वेडेवाकडे वाढते. धनवान हे सारे पुरवील. स्वतःचे आयुष्य कसे वाढवील?

५/ १८७५-७६ च्या सुमारास अद्वैत कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात आला. राखणदारांच्या पिढ्या बदलल्या, परंतु कोंडा, गाजरे, भिजवलेले हरभरे मिळत राहिले. अखेर कवच तडकून जखम चिघळली आणि मार्च २००६ मध्ये तो गेला. अडीचशे वर्षांचे वय सिद्ध झालेले नाही; परंतु प्राणिसंग्रहालयातील १३० वर्षे तरी त्याच्या नावावर आहेतच. व्यक्तीला जे साधत नाही, ते संस्थेने साधले.

६/ आपल्याकडे प्रश्न आकाराने लहान, स्वरूपाने तोच. इंदापूरच्या उजनी जलाशयातील मऊ पाठीचे कासव असो वा चोरट्या बाजारातील तारा कासव, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी पाळणे गुन्हा आहे. शुभशकुन म्हणून विकत घेतलेले तारा कासवही कित्येक दशके जगते.

७/ विसाव्या वर्षी हौसेने आणलेला जीव आपल्या नोकरीनंतर, स्थलांतरानंतर, कदाचित आपल्यानंतरही उरतो. क्लाइव्हच्या नावे पुतळे उभे राहिले, ग्रंथ लिहिले गेले. त्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या कासवाला तीस वर्षे चारा घालणाऱ्याचे नावही उरले नाही. पाळण्याचा इतिहास लिहायचा, तर आरंभ त्या अनाम माणसापासून करावा लागेल.